पानांच्या फोटोंची शर्यत

लग्न होऊन मी आंजीला आले, त्या वर्षी आर्वीच्या शेतकी प्रदर्शनात एक नवीच शर्यत ठेवली होती. पानाचा काळापांढरा फोटो पाहून पीक ओळखायचं, तेही जोडीनं. सासूबाईंनी मला हाताला धरून मांडवात ओढलं. त्यांना मी आत्याबाई म्हणे. बाकी साऱ्या जोड्या पुरुषांच्या. आम्हाला पाहून कोणी हसलंही.

आत्याबाईंचा जन्म शेतात गेलेला. पण पहिला फोटो हातात घेतला आणि त्या गोंधळल्या. रंग नाही, वास नाही, बोटाला लव लागत नाही. बोटभर पान आणि वीतभर पान, फोटोत दोन्ही एकाच मापाची. त्यात त्यांना जवळचं धड दिसत नसे. माझं उलट. मी नालवाडीची, चित्रं काढणारी. नजर तीक्ष्ण, पण पिकांतलं फारसं कळत नव्हतं.

"तू पाय अन् मले सांग," त्या म्हणाल्या. "नाव मी घेतो."

"एका देठाला तीन पानं. अरुंद, टोकाकडे निमुळती."

"तूर!"

असं करत आम्ही पुढे सरकत गेलो. एकेक जोडी चुकून बाहेर पडत होती. शेवटी आम्ही आणि दोन भाऊ उरलो. त्यांनी शेवटचा फोटो पाहिल्याबरोबर सांगून टाकलं, "कपाशी!"

मलाही तसंच वाटलं. "पंजासारखं आहे, आत्याबाई. खोल चिरलेलं, पाच बोटं."

"काठ कसा हाय? सरळ, का दाते हायत?"

मी फोटो उजेडाकडे धरला. "दाते आहेत. करवतीसारखे, बारीक."

"नीट पाय वो पोरी."

"पाहिलं. साऱ्या काठाला आहेत."

"मंग कपाशी कायची? कपाशीच्या काठाले दाते नसते. अंबाडी हाय ते!"

परीक्षकांनी फोटो उलटा केला. मागे लिहिलं होतं, अंबाडी. मांडवात एकच गलका झाला. मी सगळ्यांसमोर आत्याबाईंना मिठी मारली. नव्या सुनेनं असं करायचं नसतं, याचं भानच राहिलं नाही.

बक्षिसाची पितळी घागर कमरेवर घेऊन त्या बाजारातून ऐटीत चालल्या. गाडी जुंपून उभ्या असलेल्या मामंजींनी विचारलं, "घागर काऊन घेतली वो?"

"घेतली नाई, जितली. मी अन् माह्या सुनेनं!"

वाटेत भेटेल त्याला गाडी थांबवून त्यांनी ती हकिगत सांगितली, आणि दात्यांचं तेवढं दर वेळी मला सांगायला लावलं.