अर्जाचे पेढे

“आधी तारीख सांगा, मग रडा,” असं तो आल्यागेल्या प्रत्येकाला म्हणायचा. म्हणताना चष्मा कपाळावर ढकलायचा आणि झाडाला टांगलेल्या कॅलेंडरवर बोट ठेवायचा.

फरीदाबादला कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यांची टेबलं तुम्ही पाहिली असतील. त्यातलं कडेचं त्याचं. मराठी माणूस, म्हणून मी त्याच्याकडे जायची. तो मला काकू म्हणे, मी त्याला भाऊ.

माझ्या मुलाला सात वर्षांची शिक्षा झाली होती. मारामारीत तो होता, ते मी नाकारत नाही. चाकू त्याचा नव्हता. निकालपत्रात त्याचं वय चौतीसऐवजी चौसष्ट पडलं होतं. त्या हिशेबानं मी सातव्या वर्षी बाळंत झाले. वकिलानं दुरुस्तीचा अर्ज दिला, कोर्टानं ठेवून घेतला. मला वाटलं, आता सगळा निकालच नव्यानं बघतील. मी पेढे घेऊन भाऊकडे गेले.

त्यानं पेढा उचलला. “निकाल कधीचा?”

मी सांगितलं. त्यानं कॅलेंडरवर बोटानं दिवस मोजले आणि पेढा परत डब्यात ठेवला.

“काकू, हायकोर्टात अपील करायला साठ दिवस असतात. आज बावन्नावा.”

“पण अर्ज दिलाय ना!”

“तो वयाचा. त्याच्यासाठी अपिलाचे दिवस थांबत नाहीत.”

“उशीर झाला तर माफ करत नाहीत?”

“करतात कधी कधी. पण आठ दिवस हातात असताना माफी कशाला मागायची? चलो, बसा.”

त्यानं तिथंच अपील टाइप केलं. मुलाखतीच्या दिवशी मी कागद तुरुंगात नेले. मुलानं सही करून ते जेलच्या साहेबांकडे दिले. तिथूनही अपील जातं, हे मला भाऊनंच सांगितलं. छप्पन्नावा दिवस होता.

“आता तरी खा पेढा,” परत येऊन मी भाऊला म्हटलं.

“हे अर्जाचे पेढे. सुटल्याचे आणा, दोन खाईन.”

वयाची दुरुस्ती पाच महिन्यांनी झाली. तिची वाट बघत बसले असते तर बसलेच असते.

दोन वर्षांनी हायकोर्टानं मुलाला सोडलं. आम्ही दोघं डबा घेऊन गेलो, तर कडेचं टेबल रिकामं. भाऊ काम सोडून पुण्याला लेकीकडे गेला होता. पेढे शेजारच्या टायपिंगवाल्यांनी फस्त केले. मुलानं तिथूनच भाऊला फोन लावून माझ्या हातात दिला.

“भाऊ, सुटला हो!” मी म्हटलं.

“काकू, आधी तारीख सांगा!” तो पुण्याहून ओरडला.

मी सांगितली. मग रडले.