सुतकातली पुरणपोळी

माझं काम काय, हे सासरच्या गावात कुणालाच धड सांगता येत नाही. "सून काय करती?" असं कुणी विचारलं की सासूबाई म्हणतात, "मोबाईल करती." विचारणाऱ्याचं तेवढ्यावर समाधान होतं आणि मलाही आता त्यात दुरुस्ती करायचा कंटाळा येतो. सहा वर्षं झाली, मी मोबाईलच करते आहे.

मी सांगलीची. लग्न होऊन कोरेगावजवळच्या या गावात आले. नवरा फौजेत, सासरे आधीच गेलेले, म्हणजे घरात मी आणि सासूबाई दोघीच. मी जवळच्या एका खाजगी शाळेत शिकवत होते. एकदा सुट्टीत सहज म्हणून सासूबाई शेंगदाण्याची चटणी कुटतानाचा व्हिडिओ टाकला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. चटणी आवडली की सासूबाईंचं बोलणं, ते मला अजून नक्की कळलेलं नाही. दोन वर्षांनी मी शाळा सोडली. आई म्हणाली, "बी.एड. करून भाकऱ्या दाखवत बसणार?" मी तोऱ्यात हो म्हणाले. तो तोरा आता शोधूनही सापडत नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला व्हिडिओ गेला पाहिजे. ताप असो, लग्न असो, लाईट नसो. एकदा माहेरच्या लग्नापायी आठ दिवस काही टाकलं नाही, तर लोक दुसरीकडे निघून गेले आणि त्यांना परत आणता आणता माझ्या नाकी नऊ आले. तेव्हापासून मी चार-सहा व्हिडिओ आधीच करून ठेवायला लागले. दिवस आणि वेळ लावून ठेवली की ते आपले आपण जातात. मला या हुशारीचा फार अभिमान होता. घरात गॅस आहे, पण सगळं चुलीवर करायचं, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांना धूर आवडतो. डोळे मात्र सासूबाईंचे चुरचुरतात. हे मला कळत होतं, तरी मी चूलच पेटवायला लावायचे.

व्हिडिओच्या शेवटी चव घ्यायला थोरले मामंजी यायचे. सासऱ्यांचे थोरले भाऊ. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेली. पलीकडे ते, त्यांची बायको आक्का आणि मुलगा-सून. मामंजी येऊन पाटावर बसायचे, एक घास घ्यायचे, वर बघत चावायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी हाय." पदार्थ कुठलाही असो, मीठ कितीही असो. खिरीलासुद्धा एकदा म्हणाले. लोक त्या एका वाक्यासाठी शेवटपर्यंत थांबायचे.

आमच्याकडे धाकटी भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. सासूबाई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढायच्या आणि चुलीकडे तोंड करून पुटपुटायच्या, "जीभच तसली, मीठ काय करील?" ते ऐकू न आल्यासारखं करायचे. चाळीस वर्षांत त्या दोघांचं एवढंच बोलणं झालं असेल, आणि तेही माझ्या मोबाईलपुढे. मीठ मात्र सासूबाईंनी वरून कधी टाकलं नाही.

मामंजी शनिवारी सकाळी गेले. चहा पिऊन गोठ्याकडे निघाले आणि दारातच खाली बसले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

सुतकात आमच्या भावकीत कढई चढत नाही. तळण नाही, फोडणी नाही, गोड तर नाहीच. पाहुणे आणतील ते किंवा साधा भात खायचा. सोमवारी सावडणं झालं. मंगळवारी सकाळी मी भांडी घासत होते आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं. आज अकराचा व्हिडिओ लावलेला होता. तीन आठवड्यांपूर्वी काढलेला. पुरणपोळी, कटाची आमटी आणि वर कुरडयांचं तळण.

मोबाईल घेऊन मी गोठ्यामागे गेले. दहा वाजले होते. एक बटण दाबलं की तो थांबला असता. मी दाबलं नाही. वाटलं, आधीचाच तर आहे. घरात कुणाला मोबाईल बघायची शुद्ध आहे? आणि आज गेला नाही तर शुक्रवारीही जाणार नाही, मग पुढचे दहा दिवस नाहीत, मग परत पहिल्यापासून सगळं. खरं सांगायचं तर मी तेव्हा इतकी दमले होते, की पहिल्यापासून हा शब्दही मला नको झाला होता. मोबाईल बंद करून मी परत भांड्यांपाशी आले.

सव्वाअकराच्या सुमारास पलीकडच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या. दुखवट्याला औंधहून पाहुणे आले होते. त्यांच्यातली एक मुलगी कोपऱ्यात मोबाईल चाळत होती. एकदम मोठ्याने सासूबाईंचा हसण्याचा आवाज आला आणि मग, "पुरान असं मऊ लोण्यावानी झालं पायजे." मुलगी गडबडली, आवाज बंद करायला गेली आणि नको तिथे बोट लागून व्हिडिओ थेट शेवटाकडे पळाला. भरल्या ओसरीवर थोरले मामंजी म्हणाले, "मीठ कमी हाय."

आक्कांनी गुडघ्यातलं डोकं वर काढलं आणि दाराकडे पाहिलं. ते आत येत आहेत असंच त्यांना वाटलं असणार. मला आयुष्यात कधी इतकी लाज वाटलेली नाही.

मग व्हायचं ते झालं. थोरले दीर, म्हणजे मामंजींचा मुलगा, मुंडण केलेल्या डोक्याने आमच्या दारात येऊन उभे राहिले. "माजा बाप जाऊन चार दिवस न्हाई झालं, आन तुमी पुरान शिजवून जगाला दावताय?" सासूबाई पुढे झाल्या. "आरं, ते आदीचं हाय. पोरगी ईसारली बंद करायला. यमाईची आन घिऊन सांगते, ईसारली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी त्यांना देवीची खोटी शपथ घेऊ दिली.

पुढचे लावून ठेवलेले व्हिडिओ मी त्याच रात्री थांबवले, त्या सगळ्यांतही शेवटी मामंजीच होते. तेराव्याला पंगतीत आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. दोघी तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिलो आणि थोड्या वेळाने मागच्या दाराने घरी आलो. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, बास झालं आता. त्यो व्हिडिओ जोवर हाय तोवर मी तुझ्या मोबाईलम्होरं बसणार न्हाई."

इकडे कुणीतरी त्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, की हे आजोबा आता नाहीत. बस, लोक रडत होते, एकमेकांना पाठवत होते. सहा वर्षांत माझा कुठलाच व्हिडिओ इतका चालला नव्हता. एका मसालेवाल्या कंपनीच्या बाईचा फोन आला, "असंच काहीतरी भावनिक करा ना." नवऱ्याने सीमेवरून फोन केला, "काढून टाक, विषय संपव." त्याला तिथे बसून सगळेच विषय संपवता येतात. पण सासूबाई बसल्या नाहीत तर माझं काम संपलं हे उघड होतं. माझ्या हातच्या भाकरीला कोण विचारतं? आणि शाळेतली जागा कधीच भरली होती. एवढं असूनही तो व्हिडिओ काढायला माझा हात तीन दिवस धजला नाही. हेही सांगून टाकते.

चौथ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर बसून तो काढणार, एवढ्यात भिंतीकडच्या दारातून आक्का आल्या. मामंजी गेल्यापासून पहिल्यांदाच. माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "दाव की गं जरा."

"काय, आक्का?"

"त्यास्नी."

मी व्हिडिओ लावला. पुरणाकडे, पोळीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मामंजी पाटावर येऊन बसले तशा त्या पुढे सरकल्या. ते बोलले. आक्कांनी पदराने नाक पुसलं. आधीच्या व्हिडिओंतही ते बोलायचे, पण आक्कांनी आजवर एकही पाहिला नव्हता. "फोटू हायती घरात. पण बोलतानाचं कायबी न्हाई. बरं झालं ईसारलीस. बंद केला असतास तर हे मला कुणी दावलं असतं?"

मला ते सहन झालं नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "आक्का, मी विसरले नव्हते. मला आठवलं होतं. तरी जाऊ दिला."

त्यांनी मोबाईलवरची नजर काढली नाही. "ठावं हाय. त्या दिशी फोन घिऊन गोठ्यामागं गेलीस, मी खिडकीतनं बघत हुते. आलीस तवा तुझं त्वांडच सांगत हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "त्यास्नी अंगणात ठिवलं हुतं नव्हं, बाया रडत हुत्या, आन माजं ध्यान समदं म्हशीकडं. धार राहिलेली. डेरीची गाडी जाईल, म्हस आटंल, हेच डोक्यात. रडू येईचना. शेवटी पाणी आणते म्हणून उठले आन धार काढून आले. आजवर कुणाला बोलले न्हाई. तुला मी काय बोलू?"

त्यांनी मोबाईल माझ्याकडे सरकवला. मग त्या म्हणाल्या, "लाव परत. बोलतात तिथनं."

त्या संध्याकाळी मी तो व्हिडिओ आक्कांच्या मोबाईलमध्ये घालून दिला, कुठे दाबायचं ते चार वेळा दाखवलं आणि मग सगळीकडून काढून टाकला. मसालेवाल्या बाईला नाही म्हणून कळवलं. नंतर सासूबाईंपाशी गेले आणि जे आक्कांना सांगितलं तेच त्यांना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "यमाईची आन घ्याया लावलीस मला," एवढंच म्हणाल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळीच लुगडं बदलून त्या एकट्या एसटीने औंधला यमाईच्या देवळात गेल्या. दुपारी आल्या त्या कपाळाला अंगारा लावून. पाय धुतले, चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "नारळ वाहून आले. माफी मागितली, तुझीबी आन माझीबी. लाव तुझं. पर चूल न्हाई, आता गॅसवरच करीन. बघायचं त्यांनी बघावं."

मी मुकाट्याने मोबाईल गॅसच्या ओट्यापुढे लावला. आनंद वगैरे काही झाला नाही, नुसतं हायसं वाटलं, आणि त्याबरोबरच लक्षात आलं की आज गुरुवार, उद्या अकराला काहीतरी द्यायचं आहे. साधं पिठलं करायचं ठरलं. सासूबाईंनी फोडणी दिली, पीठ कालवून ओतलं, नेहमीसारखं बोलायचा प्रयत्न केला, पण बोलणं जमत नव्हतं. पिठलं रटरटायला लागलं. त्यांनी मीठ टाकलं, ढवळलं आणि सवयीने पाटाकडे पाहिलं. पाट मी उचलायला विसरले होते. हे मात्र खरंच विसरले होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, आक्कांच्या ओसरीवरून, मामंजींचा आवाज आला. "मीठ कमी हाय."

सासूबाईंचा हात चटकन डोक्याकडे गेला, पदर पुढे आला. मग भिंतीकडे तोंड करून, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाल्या, "टाकते, आवं, टाकते." आणि त्यांनी पिठल्यात आणखी चिमूटभर मीठ टाकलं.

पिठलं खारट झालं. आम्ही दोघींनी ते दोन्ही वेळा खाल्लं. शुक्रवारी अकराला मी काही टाकलं नाही.