आमचा विलायत

विहिरीवर कपडे आपटता आपटता तो मोठ्यानं इंग्रजी बोलायचा. समोर कोणी नसे. स्वतःच प्रश्न विचारी आणि स्वतःच 'यस सर' म्हणून उत्तर देई. वर्ध्याच्या आमच्या बोर्डिंगात म्हणून सगळे त्याला 'विलायत' म्हणत. "वेड लागलं काय तुले?" मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "आपल्या घरी सात पिढ्यांत कोणी बोललं नाई, गड्या. जीभ वळाले वेळ लागते."

तो वडनेरचा. बाप लहानपणीच गेलेला, आईनं निंदणं-वेचणं करून वाढवलेला. उभी कपाशी अचानक का वाळते, हे त्याला शिकायचं होतं. ते शिक्षण परदेशात मिळतं आणि आपल्या जातीच्या मुलांना त्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती आहे, हे बोर्डिंगच्या सरांनी त्याला सांगितलं. मुलाखतीसाठी कोटही सरांनीच दिला. बाह्या आखूड पडल्या, तेव्हा हा हात मागे बांधून उभा राहिला आणि निवडला गेला.

त्याच वर्षी, छप्पनच्या दसऱ्याला, आम्ही सगळे नागपूरला गेलो. आईच्या शेजारी बसून त्यानं दीक्षा घेतली. परतताना गाडीत एवढंच म्हणाला, "हलकं वाटून राह्यलं."

पुढं शिष्यवृत्तीच्या ऑफिसात त्याच्याकडं जातीचा दाखला मागितला. तिथल्या साहेबांनी धर्म विचारला. त्यानं 'बौद्ध' सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मग तू नियमात बसत नाहीस, बौद्धाला ही शिष्यवृत्ती नाही. आधीचाच धर्म लिहून दे, जागा तुझीच आहे."

तो न लिहिताच परत आला. सर संतापले. आई वडनेरहून धावत आली. "लिहून टाक रे बाप्पा. भगवान काई रागवत नाई."

"तो नाई रागवणार, माय. मीच रागवीन माह्यावर."

ती पदरात तोंड घालून बसली. त्याची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

सिंदीच्या शाळेत तो मास्तर झाला. फार चांगला मास्तर होता, असं मी म्हणणार नाही. मुलं दंगा करत आणि हा खिडकीबाहेर बघत राही. तिशीही न गाठता विषमज्वरानं गेला. मला ते फार उशिरा कळलं.

आमची शेवटची भेट सिंदीच्या फलाटावर झाली. तोवर मीही सिंदीतच राहत होतो; आता मला दूर नोकरी लागली होती, तो पोचवायला आला होता. मी विचारलं, "पस्तावा होते का रे?"

"होते ना," तो लगेच म्हणाला. "रोज होते."

"मंग लिहून काऊन नाई देलं?"

"देलं असतं त तिकडंबी पस्तावाच होता. इथं निदान सांगाले तू होता."

गाडी हलली. मला चढावंच लागलं.