केकच्या नंदीवर सुरी कोण चालवणार?

वृंदा गेली ही बातमी मला पुण्याहून कळली. ती इथेच उज्जैनला देवास गेटजवळ राहायची, मी फ्रीगंजात. मधे फार तर एका रिक्षाचं अंतर. पण भाऊजींनी दवाखान्यातून पहिला फोन केला तो माझ्या मुलीला, मुक्ताला, आणि मुक्ताने मला. "आई, काकू गेली गं..." एवढंच बोलली आणि पुढे नुसतं रडू. मी फोन ठेवून पलंगावर बसले. धाकटी जाऊ गेली होती, आयुष्यभराची सोबत गेली होती, आणि माझ्या मनात आधी काय आलं, तर भाऊजींना माझा नंबर आठवला नाही का? आता काही आठवडे उलटले, तरी तो काटा निघालेला नाही. तिच्याबद्दल गोड बोलणारे पुष्कळ आहेत. मी तिचा हेवा करत आले आणि अजूनही करते, तेव्हा मी तेच लिहिणार. एक मात्र आहे, ज्याचा हेवा वाटतो त्याच्यावरून आपली नजर हटत नाही, त्यामुळे वृंदाला माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

ती लग्न होऊन आली तेव्हा घरात स्वयंपाकाचा हात माझा होता. पुरण माझं, अनारसे माझे, चैत्रातली डाळ-पन्हं माझं. वृंदाला धड गोल पोळी लाटता येत नव्हती आणि त्याचं तिला काही वाटतही नसे, हसून म्हणायची, "वहिनी, तुम्ही आहात ना, मग मला कसली फिकर?" मला ते फार बरं वाटायचं. मग नव्वद साल मागे पडलं आणि सगळं भराभरा बदललं. घराघरात केबल आली, दुकानांच्या फळ्यांवर कधी न पाहिलेले डबे दिसू लागले आणि मुलांचे वाढदिवस नुसत्या औक्षणावर भागेनात. सगळ्यांना केक हवा. बेकरीच्या केकात अंडं, म्हणून सासूबाई तो उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. वृंदा इंदूरला माहेरी गेली ती कुणा बाईंकडून बिनअंड्याचा केक शिकून आली, आणि येताना मांडीवर ठेवून एक गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन घेऊन आली, झाकणाला काचेची खिडकी असलेला. अख्खी आळी त्या खिडकीतून केक फुगताना बघून गेली.

पण नुसता गोल केक करून थांबेल तर ती वृंदा कसली! मुक्ताच्या पाचव्या वाढदिवसाला मी दुपारभर बासुंदी आटवली. संध्याकाळी वृंदाने माजघरातून आणलं ते रेल्वेचं इंजिन. चाकं, धुराडं, पुढे दिवा म्हणून पिवळी गोळी. मुलं किंचाळली. शेजारच्या शर्माभाभी म्हणाल्या, "अरे, ये तो बिल्कुल असली लग रहा है!" बासुंदीची पातेली तशीच राहिली, दुसऱ्या दिवशी मीच ती वाट्या भरून शेजारीपाजारी दिली. त्यानंतर दर वाढदिवसाला नवा आकार निघू लागला. तिची पद्धत मला पाठ आहे, कारण मी दारातून बघत असे. आदल्या दिवशी केक भाजायचा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, कारण ताजा केक सुरी लावली की भुगा होतो. वर्तमानपत्राचे कागद ब्लाउजसारखे बेतून केकवर टाचणीने टोचायचे, आणि मग पातळ सुरीने थोडं थोडं तासायचं. चुकून जास्त तासलं गेलं तर जॅम लावून तुकडा चिकटवायचा आणि वरून क्रीम फिरवायचं. तासताना तिची जीभ जरा बाहेर यायची. ओट्याशेजारी मुक्ता उभी, आणि तासलेले तुकडे थेट तिच्या तोंडात. शाळेतून आली की दप्तर माझ्याकडे आणि स्वतः काकूकडे! "अगं, आधी जेवून तर घे," मी ओरडायची. आतून दोघींचं खिदळणं ऐकू यायचं.

नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं, सहस्रचंद्रदर्शन ठरलं तेव्हा वृंदाने कुणाला न सांगता दोन दिवस स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. नाना दर सोमवारी न चुकता महादेवाला जात आणि नंदीच्या कानात काहीतरी सांगून येत. तेव्हा तिने केला नंदी. बसलेला, पाय दुमडलेले, वशिंड, गळ्यात घुंगुरमाळ, एक कान किंचित पुढे. खरं सांगते, मला त्यात एक खोट काढता आली नाही, इतका तो सुंदर होता. होमहवन आटोपलं, माणसं जमली, आणि नानांच्या हातात रिबीन बांधलेली सुरी दिली. नानांनी सुरी उचलली आणि तशीच धरून राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगं वृंदा, हे काय करून बसलीस? नंदीच्या गळ्यावर सुरी फिरवायची का आता, शुभकार्यात?" वृंदाचा चेहरा उतरला. दोन दिवस त्या आकारात ती अशी बुडाली होती की हे शेवटी कापायचं आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "आई, मी तर... नानांना आवडेल म्हणून..." तिला पुढे बोलवेना. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, झालं, उतरली एकदाची.

एवढ्यात मुक्ता पुढे झाली, वाकली आणि नंदीच्या कानाला हात लावून काहीतरी पुटपुटली. लोक हसले. नाना म्हणाले, "हे बेस्ट आहे. आधी सगळ्यांनी काय मागायचं ते मागून घ्या." मग रांगच लागली. म्हातारेकोतारे, शर्माभाभी, जावई, सगळे केकच्या कानाशी लागून गेले. माझी पाळी आली तेव्हा मीही वाकले. व्हॅनिलाचा वास येत होता. मी सांगितलं, मुक्ता माझी राहू दे. मग नानांनी हातात अक्षता घेतल्या, नंदीवर वाहिल्या, गणपतीची करतात तशी त्याची रीतसर उत्तरपूजा केली आणि त्याच्याखालचा पाट जागचा जरा हलवला. "आता मूर्ती नाही, केक आहे," असं म्हणून त्यांनी शेपटीकडून सुरी घातली. टाळ्या पडल्या. त्या नंदीची गोष्ट उज्जैनच्या निम्म्या मराठी घरांत गेली, आणि वृंदाकडे जी रीघ लागली ती शेवटपर्यंत. मोर, वीणा, कुणाची स्कूटर... मी मात्र तेव्हाही पुरणच वाटत होते.

नाना-सासूबाई गेल्यावर आम्ही फ्रीगंजात वेगळं बिऱ्हाड केलं. मी मनाशी म्हटलं, आता अंतर पडलं की मुलगी आपोआप माझ्याकडे वळेल. मुक्ता सायकल काढून रोज तिकडे. लग्न होऊन पुण्याला गेली तर मला रविवारी फोन आणि काकूला केव्हाही, स्वतः केक करताना क्रीम फाटलं तरी. वृंदाला स्वतःचं मूल नव्हतं. हे लिहिताना मला कळतं की इथे माझं मन मोठं व्हायला हवं. होत नाही. मला एकच मुलगी होती.

दिवस झाल्यावर मुक्ता परत जायला निघाली, तेव्हा भाऊजी म्हणाले, "काकूचं काही हवं तर घेऊन जा बेटा." तिने दागिने पाहिले नाहीत, साड्या पाहिल्या नाहीत. ओट्याखालून एक पोळपाट काढला. त्याचे पाय कापून खाली सायकलच्या चाकाचं बेअरिंग बसवलेलं. बोट लावलं की गरगर फिरायचा. वृंदा त्यावर केक ठेवून फिरवत तासायची, म्हणे. मी तो हातात घेऊन उलटा केला. कडेला चटका बसल्याचा काळा डाग होता. तो माझा पोळपाट होता, माझ्या आईने रुखवतात दिलेला. बिऱ्हाड हलवताना हरवला म्हणून मी किती हळहळले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वृंदाविरुद्ध काहीतरी खरं माझ्या हाती लागलं. मी म्हटलं, "हा माझा आहे. तुझ्या आजीने मला दिलेला."

मुक्ता म्हणाली, "माहीत आहे ना. काकू मला केव्हापासून सांगायची, हा तुझ्या आईचा आहे, मागितला असता तर त्यांनी दिला नसता. मी मेले की गुपचूप घेऊन जा, आणि आईचा म्हणूनच वापर."

मागितला असता तर मी दिला नसताच. स्टेशनवर मी तिला डबा भरून दिला, दशम्या आणि लसणाची चटणी. तिने तो वर सामानात ठेवला. पोळपाट मांडीवर घेतला, गाडी हलली तशी एका हाताने मला टाटा केला, आणि दुसऱ्या हाताचं बोट पोळपाटाच्या कडेवर होतं, त्याला हळूहळू फिरवत.