फ्लेक्सवरचा जवान

नातीचा आजार मला नीट सांगता येत नाही, पण दिसतो. तिला मधलं काही माहीत नाही. सकाळी मी तिची सगळ्यात जवळची, दुपारी मीच वैरीण. कुणी फोन उचलायला उशीर केला, तरी तो आपल्याला सोडून गेला असं तिला वाटतं आणि मग ती स्वतःलाच इजा करते. हातावर व्रण आहेत. आधी मी तिला देवऋष्याकडे नेलं. दोन वर्षं वाया घालवली, चूक माझी. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. औषध आणि त्यांच्याशी दर आठवड्याचं बोलणं सुरू झालं, तशी ती कुरकुंभच्या कंपनीत कामाला जाऊ लागली.

एका संस्थेनं या आजारासाठी धावायचा उपक्रम काढला. ज्यानं त्यानं आपल्या भागात धावायचं, वाटेत लोकांना आजार समजावून सांगायचा, उपचारांसाठी मदत गोळा करायची. नातीनं चौफुल्यापासून शिरूरपर्यंत दोन दिवसांत धावायचं ठरवलं. आदल्या दिवशी मला म्हणाली, "आजी, कुणी इचारलं तर खरं सांगायचं. लपवलंस तर बघ." मी हो म्हणाले. थोड्या वेळानं माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, गोठ्यात आला. "आये, आजाराचं नाव काढू नगंस. पोरीची सोयरीक ठरत आलीय." त्यालाही मी हो म्हणाले.

गाडीला लावायचा फ्लेक्स दौंडच्या दुकानात फोनवरून सांगितलेला. त्या माणसानं 'बॉर्डरलाइन' एवढंच मोठं छापलं, बाकीचं मुंगीएवढं, आणि आपल्या डोक्यानं बाजूला तिरंगा आणि बंदूक घेतलेला जवान टाकला. नातीनं जवान झाकायला खाकी चिकटपट्ट्या लावल्या. बंदुकीचं टोक तरी वर राहिलंच. मुलाला ते सोयीचं होतं.

ती पुढं धावत होती, मागून आमचा पिकअप, मी मुलाशेजारी. भीमेचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यातल्या पहिल्या गावात पोचलो, तर स्टँडवर माणसं उभी. कुणीतरी आधीच फोन केला होता. हार, शाल, नारळ झाला. 'भारत माता की जय' सुरू झालं. नात धापा टाकत आजाराचं सांगत होती, पण घोषणांत कुणाला ऐकू जात नव्हतं. पांढऱ्या टोपीतले एक आप्पा माझ्या खिडकीशी आले.

"आजीबाई, घरातलं कोन हाय बॉर्डरवर?"

मुलानं माझ्याकडं बघितलं.

"नातू हाय," मी म्हणाले.

"कुठल्या पलटनीत?"

"लांब हाय."

नात पाणी घ्यायला खिडकीपाशी आली होती. तिनं ऐकलं. गळ्यातला हार काढून बोनेटवर ठेवला आणि आलो त्याच वाटेनं पुलाकडं पळत सुटली.

मुलगा गाडी वळवायला लागला. मी त्याचा हात धरला. आम्ही मेंढरं राखलेली माणसं. बुजलेल्या मेंढराच्या मागं पळालं की ते आणखी पळतं. त्याला दिसेल असं बाजूला जाऊन बसायचं असतं. नात मेंढरू नाही, पण मला दुसरं काही येत नव्हतं. मुलाला तिथंच थांबवलं, उतरले आणि चालू लागले.

ती पुलाच्या मध्यावर, कठड्याला पोट टेकून पाण्याकडं बघत उभी होती. दहा पावलं अलीकडं रस्त्याच्या कडेला बसले. उसाचे ट्रॅक्टर जवळून जात होते. मी हाक मारली नाही.

"जा तू," ती म्हणाली. "नातू घावला ना तुला."

"खोटं बोलले."

"तू बी त्यांच्यातलीच. मी मेले तरी म्हनशील, पित्तानं गेली."

ते खरं होतं. गावात कुणी तिचं दुखणं विचारलं की मी पित्तच सांगत आले होते.

"तुझ्या बापालाबी हो म्हनले आन् तुलाबी. आता एकाचाच शब्द पाळता येतो. माघारी जाऊन सांगते. पर गुडघे उठू देईनात. हात दे."

ती हलली नाही. एक ट्रॅक्टर गेला, दुसरा गेला. मग आली आणि हात दिला. तो हात मी गाव येईपर्यंत सोडला नाही. प्रेमानं नव्हे, भीतीनं.

स्टँडवर माणसं होतीच. मी आप्पांना म्हणाले, "फौजेत आमचं कुनी न्हाई. मी खोटं बोलले. हिला मनाचा आजार हाय, त्याचंच नाव हाय ते फ्लेक्सवर. ही शाल घ्या माघारी."

"म्हंजी येडी हाय व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. चार जण हसले.

"येडी न्हाई, मामा," नात म्हणाली. "आजारी हाय. दवाखाना चालू हाय." आणि मग तिनं सगळं सांगितलं. राग कसा येतो, भीती कशी वाटते, हातावरचे व्रण कशाचे. तिचं सांगून होईपर्यंत निम्मी माणसं पांगली. आप्पांनी शाल घेतली, नीट घडी घातली आणि म्हणाले, "नारळ मातर राहू द्या."

दुसऱ्या दिवशी ती शिरूरला पोचली. माझ्याशी चार दिवस बोलली नाही. महिन्याभरात सोयरीक मोडली. मुलगा अजून मला बोल लावतो, लावू दे. नात दर आठवड्याला पुण्याला जाते. बरी झाली असं मी म्हणणार नाही.

तो फ्लेक्स आता कडब्याच्या गंजीवर असतो. मुलगा अक्षरं खाली करून टाकतो. तो शेतात गेला की मी पालटते. रस्त्यावरून वाचता येतो.