पटवेकऱ्याचा किडा

भाद्रपदातलं ऊन सकाळीच पाठ भाजत होतं. शुक्रवार पेठेतला कोंडीबा पटवेकरी ओट्यावर पाय पसरून बसला होता. अंगठ्याला रेशमाचा पीळ अडकवून दागिने गाठायचा, हा त्याचा धंदा. आज मात्र पिळाच्या टोकाला मंगळसूत्र नव्हतं, माशाचा गळ होता.

गिरणीतल्या गोऱ्या साहेबाला तलावावर मासे धरायचा भारी नाद. पाण्यातनं नुकताच वर आलेला, पंख छपरासारखे मिटलेला एक किडा त्यानं नमुना म्हणून काडेपेटीतनं आणून दिला होता; मासा भुलवायला गळावर तसाच खोटा किडा बांधायचा होता. "बिलकुल ऐसा बनाव. पानी पे तैरना मंगता. बना, तो तुमारा दामाद गिरनी में."

या शेवटच्या बोलापायी कोंडीबानं गळ अंगठ्यात दोनदा रुतवून घेतला होता. जावई गुंडा लग्न झाल्यापासनं सासऱ्याकडंच तळ ठोकून होता. गिरणीत चिकटला, की चाळीत खोली घेणार आणि आपला ओटा मोकळा होणार!

"मानंची पिसं पायजेत, ताठ," कोंडीबा म्हणाला. "जावईबापू, केराबाईचा कोंबडा धरा की."

गुंडाला तेवढं मात्र झकास जमलं. कोंबडा त्याच्या काखेत निमूट बसला. ओरडली ती शेजारची केराबाई.

"मुडद्यांनो, माज्या कोंबड्याचं लगीन हाय व्हय, हजामत करताय त्ये?"

कोंडीबानं गळाला राखी रेशीम गुंडाळलं, पिसं गोल उभी केली, वर पंखांचं छप्पर बांधलं. किडा असा हुबेहूब झाला, की बायकोनं, बजाबाईनं, त्याच्यावर फडकंच हाणलं. मग सवयीनं हात पुढं चालला. दुकानातनं बाहेर जाणाऱ्या गाठीत दिष्टीचा काळा मणी ओवायचा, ही बापापासनंची रीत. त्यानं मणी ओवला.

संध्याकाळी तलावावर साहेबानं गळ फेकला. किडा गोट्यासारखा तळाला.

"ये तो डूब गया!"

"मणी जड हुतोय," गुंडा म्हणाला. "मामा, तोडा की त्यो."

"आन् दिष्ट लागली मंजी?"

"मग ऱ्हातो की मी घरीच."

कोंडीबानं दातानं मणी तोडला.

गुंडानं किडा धोतराच्या सोग्यात टिपून कोरडा केला. साहेबानं पुन्हा फेकला. या खेपेला किडा पाण्यावर ऐटीत उभा राहिला. एक दांडगा मासा उसळला, किडा गिळला आणि दोरा तोडून पसार झाला.

"लागली का न्हाय दिष्ट?" कोंडीबा पुटपुटला.

साहेब मात्र काठावर नाचत होता. "और बनाव! बहुत बनाव! मुर्गा कौन पकडा?"

"मी, साहेब," म्हणत गुंडा छाती काढून पुढं झाला.

दोन दिवसांत गुंडाला नोकरी लागली. साहेबाचे चार कोंबडे सांभाळायचे, पगार गिरणीचा. फक्त किडे जिथं बनतात, कोंबडे तिथंच पाहिजेत, असा साहेबाचा हुकूम.

"मामा, जरा सरका की," खुराडं ओट्यावर टेकवत गुंडा म्हणाला.

कोंडीबा सरकला.

"त्या मोहोळ गावच्या बाईचं मंगळसूत्र गाठायचं ऱ्हायलंय की," आतनं बजाबाई ओरडली. "दुपारी न्याला येनार हाय ती!"

कोंडीबानं मांडीवर चढलेला कोंबडा खाली ढकलला, अंगठ्याला पीळ अडकवला आणि काळे मणी ओवायला घेतले.