आठ कुंच्यांची पाजणी

निपाणीतून निघताना मी खुशीत होतो, हे आधीच कबूल करतो. आदल्या दिवशी तंबाखूच्या वखारीपुढच्या पटांगणात सहकारावर भाषण ठोकलं होतं. तंबाखूच्या खकाण्यानं मी मधेमधे शिंकत होतो, तरी टाळ्या पडल्या. उरलेली पत्रकं पिशवीत कोंबून दुपारी बेळगावच्या सर्व्हिस मोटारीत चढलो. आत पाहतो तर टाळ्या वाजवणारे चार-पाच चेहरे हजर. ड्रायव्हरशेजारच्या गादीवर एक वकील आणि मागं एक तंबाखूचे व्यापारी. दोघांनीही मान डोलावून "छान बोललात" म्हटलं. मी फुगलो.

माझ्या शेजारी बेळगावला लागून असलेल्या शहापूरचे एक विणकर होते, भरमाण्णा. निपाणीला दिलेल्या लेकीचं बाळ पाहून परत चालले होते. त्यांचा जीव घड्याळात अडकला होता. "उद्या तांबडं फुटायला आमच्या गल्लीतल्या कल्लाप्पाची पाजणी हाय," ते म्हणाले. पाजणी (साडीच्या ताण्याला खळ चढवणं) मला ठाऊक नव्हती. त्यांनी हातवारे करून सांगितली. गल्लीभर सूत ताणायचं, खळीनं भिजवायचं, दोन्ही अंगांना चौघं-चौघं कुंचे घेऊन चालत राहायचं. ऊन चढायच्या आत संपवायचं. "आठ कुंचे लागत्यात, आठवा माझा. एक कमी पडला की सूत एकमेकाला चिकटतंय आन् तुटतंय. आज त्येची, चार दिसांनी माझी. एका घराचं काम न्हवं त्ये."

मी मनात म्हटलं, हा माणूस तर माझं पत्रकच बोलतोय!

तवंदीचा घाट चढून गेल्यावर एका ओढ्यात मोटार रुतली. मागची चाकं चिखलात आणि आत आम्ही चौदा उतारू. भरमाण्णा धोतर खोचून केव्हाच खाली उतरले होते. मी उतरलो, क्लीनर आला. तिघांनी जोर लावला. मोटार वीतभर पुढं सरकली आणि पुन्हा मागं आली. आणखी सहा माणसं असती तर निघाली असती, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

वकील हलले नाहीत. "पुढच्या सीटचं जादा भाडं मोजलंय मी. ढकलायला नव्हे."

व्यापारी म्हणाले, "उतरतो की! पण वकीलसाहेब उतरू देत आधी."

मागच्या बाकावरून आवाज आला, "शेटजी उतरलं की आमी हायच."

म्हणजे प्रत्येकजण तयार, फक्त दुसरा उतरल्यावर! माझं टाळकं सणकलं. मी पायरीवर चढलो आणि कालचंच भाषण पुन्हा सुरू केलं, या वेळी शिव्यांसकट. लोक शरमतील असं वाटलं होतं. उलट ज्यांचा एक पाय बाहेर आला होता त्यांनी तोही आत घेतला. चिखलात गुडघाभर उभे असलेले भरमाण्णा ओरडले, "पावणं, त्वांड मिटा आन् खांदा लावा!"

मी तोंड मिटलं, पण तोवर उशीर झाला होता. अखेर सूर्य टेकताना जवळच्या शेतातल्या एका आप्पांनी औताची बैलजोडी सोडून आणली. "चौदा माणसं बसून आन् दोन बैल कामाला. लई झ्याक हाय तुमचं!" ते हसले. आतले चौदाच्या चौदा हसले असते, पण दोघं बाहेर होतो.

अंधारात ड्रायव्हर संकेश्वरच्या पुढं जायला तयार होईना. धर्मशाळेत भाकरी आणि तिथल्या लाल मिरचीचा ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्यानं, असं मी सर्वांना सांगितलं. भरमाण्णांनी भाकरीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शहापुरात पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. अरुंद गल्लीत लाकडी घोड्यांवर ताणा पसरलेला होता. एका अंगाचं सूत काथ्यासारखं ताठ, जागोजागी तुटून लोंबत होतं. सात कुंचे भिंतीला टेकवलेले. कल्लाप्पांनी वर पाहिलं.

"आला व्हय रं भरम्या? नातवाचं बारसं झालं का माझ्या ताण्यावर?"

"मोटार रुतली, कल्लाप्पा."

"मोटार! यायला जमंना तर बदली माणूस धाडायचा, ह्यो गल्लीचा कायदा. आता तुज्या पाजणीला मोटारच बोलीव."

मला राहवलं नाही. मोटारीतली सगळी हकिगत सांगितली, वकील, व्यापारी, कुणाला सोडलं नाही. कल्लाप्पांच्या म्हाताऱ्या आईनं, आक्कांनी, विचारलं, "तू काय करतोस रं बाळा?"

"सहकाराचा प्रचार."

"व्हय? मग त्या मोटारीत एकबी माणूस तुजं न्हवतं?"

भरमाण्णा तोवर खाली बसले, धागा निसटू नये म्हणून बोटांना राख लावली आणि तुटलेला एकेक धागा सांधू लागले. संध्याकाळपर्यंत. मी चार गाठी मारल्या. आक्कांनी चारही सोडल्या.

कल्लाप्पांनी भरमाण्णांशी बोलणं टाकलं, म्हणून निदान एक कुंचा आपण धरावा या विचारानं मी बेळगावातच मुक्काम वाढवला. भरमाण्णांचा ताणा वाया गेला असता तर ऐन लग्नसराईत त्यांचा माग रिकामा राहिला असता. चौथ्या दिवशी झुंजुमुंजू असताना गल्लीत त्यांनी सूत ताणलं. खळीचं भांडं शेजारी. माणसं आम्ही दोघं. सगळी दारं बंद. खळ निवत होती आणि मी त्या गल्लीला मनातल्या मनात पत्रकातले सगळे शब्द ऐकवत होतो.

समोरचं दार वाजलं. कल्लाप्पा कुंचा घेऊन बाहेर आले, माझ्याकडं ढुंकूनही न पाहता भरमाण्णांच्या समोरच्या अंगाला उभे राहिले. मग एकेक करत बाकीची दारं. आठ कुंचे भरले. मला बाजूला सारण्यात आलं, ते बरंच झालं.

"भरमाण्णांशी बोलत नव्हता ना तुम्ही?" मी कल्लाप्पांना विचारलं.

"आजूनबी बोलत न्हाय," हात न थांबवता ते म्हणाले. "बोलत न्हाय म्हंजे येणार न्हाय आसं कुठं हाय? सूत त्येचं हाय, पर गल्ली माझीबी हाय. पुढच्या डावाला ह्येच्याशिवाय आठवा कोण आणू?" आणि भरमाण्णांकडं वळून, "चल की रं, मोटार! पाय उचल!"

भरमाण्णा पाच दिवसांत पहिल्यांदा हसले. ऊन गल्लीत उतरलं तेव्हा ताणा कोरडा, सुटा आणि सळसळता होता.

माझ्या पत्रकाची पहिलीच ओळ आहे: 'सहकाराचे मूळ बंधुप्रेमात आहे.' परतीच्या मोटारीत बसून ती पेन्सिलीनं खोडत राहिलो. उरलेल्या सगळ्या पत्रकांवर. त्या गल्लीत प्रेम नव्हतंच असं मी म्हणत नाही; पण त्या पहाटे ते अजून झोपलेलं होतं आणि माणसं तरीही आली होती.

तवंदीच्या अलीकडं तोच ओढा आला. चिखल वाळला होता. मोटार खडखडत पार झाली. पुढच्या गादीवर नवे कुणीतरी रावसाहेब होते, मागं सगळे ऐसपैस, आपणच गाडी काढल्यासारखे खुशीत. माझ्या मनात पाप आलं. वाटलं, रुतायला हवी होती. या वेळी मी पायरीवर चढलो नसतो. थेट पुढचं दार उघडून म्हटलं असतं, "उतरा रावसाहेब, तुमचा कुंचा कुठाय?"